वाजलेला फोन हीच सूचना

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या पोरांनी मला विषय दिला, इंटरनेट आल्यावर फोन उचलायचा धंदा कसा बदलला आणि त्यात ग्राहकाचं काय झालं, आणि वेळ दिला पाऊण तास. साडेआठला थ्री फेज येणार आहे, ज्यांची ओलिताची पाळी आहे त्यांनी मधातून उठलं तरी चालेल, हरभऱ्याचं पाणी सोडून कोणी माझ्यासाठी बसू नये. म्हणून जे सांगायचं ते आधीच सांगून ठेवतो. तुम्ही फोन लावला, तो कंपनीच्या यंत्रावर जाऊन वाजला, की त्या मिनिटाला तुमची सूचना पोचली असं धरलं गेलं पाहिजे, मग तिकडे कोणी उचलो, न उचलो. बाकी सगळं हे का म्हणून राहिलो त्याचं कारण आहे.

जुन्या लोकांना आठवत असेल, मी तालुक्याच्या एक्सचेंजला ऑपरेटर होतो. तेव्हा पी अँड टी खातं होतं, १९८५ ला टपाल वेगळं आणि दूरसंचार वेगळं झालं, २००० च्या ऑक्टोबरात बीएसएनएल झालं, माणसं तीच राहिली. हँडल फिरवायचा काळा फोन होता, इकडे कोणी हँडल फिरवलं की तिकडे आमच्या बोर्डावर त्या नंबरची झडप पडायची, आम्ही कॉर्ड लावून विचारायचो "नंबर?" आणि समोरचा नंबर सांगतच नसे, तो म्हणे "डॉक्टरले लाव ना भाऊ". आता डॉक्टर दवाखान्यात आहेत, जेवायला घरी गेलेत का यवतमाळला लग्नाला गेलेत हे आम्हाला ठाऊक असायचं, कारण जाताना ते एक्सचेंजला सांगून जायचे. अमेरिकेत याचा पुढे वेगळा धंदाच उभा राहिला, डॉक्टर रात्री घरी गेला की त्याचे फोन दुसऱ्याच ऑफिसात बसलेली बाई उचलणार, निरोप लिहून ठेवणार, अडचणीचा असेल तर डॉक्टरला उठवणार. इथं ते काम आमच्याकडून फुकट होत होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. जिनिंगवाल्याला अकोल्याचा कापसाचा भाव पाहिजे असला की तो ट्रंक कॉल बुक करायचा, साधा, अर्जंट नाही तर लाइटनिंग. आम्ही तिकीट फाडायचो आणि त्याच्यावर पहिली गोष्ट लिहायचो ती वेळ, बुक केल्याची वेळ. लाईन तीन तासांनी मिळो का संध्याकाळी मिळो, त्याची पाळी त्या वेळेवरून ठरायची. माणूस बोलला कधी यावरून नाही, त्यानं मागितलं कधी यावरून.

आता कोणी म्हणेल, काका, जुनं ते सोनं सांगून राहिले. नाही. ऑपरेटर ओळखीचा असतो तसा तो कोणाचा तरी सोयराही असतो. याची एक गोष्ट आहे, माझी आवडती आहे, जिथं जातो तिथं सांगतो, आजही सांगणार. अमेरिकेत कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा माणूस होता, धंदा काय, तर मयताचं सामान आणि अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देणं. गावात त्याच धंद्यातला दुसरा एक होता. असं सांगतात की त्या दुसऱ्याची बायको टेलिफोन एक्सचेंजला ऑपरेटर होती. एखाद्या घरी माणूस गेला, घरच्यांनी फोन उचलून सांगितलं स्ट्रोजरला जोडून द्या, की बाई जोडून द्यायची आपल्या नवऱ्याला! हा बसला वाट पाहात, गावात मयती होऊन राहिल्या आणि याच्या दुकानी कोणी फिरकेना. (हसू नका, त्याच्या पोटाचा प्रश्न होता.) तर हा माणूस काही इंजिनिअर नव्हता, पण त्यानं ठरवलं की मधातला माणूसच काढून टाकायचा, आणि १८९१ ला आपोआप नंबर जोडणाऱ्या स्विचचं पेटंट घेतलं, पुढच्या वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्ट नावाच्या गावी त्याच्यावर एक्सचेंज सुरूही झालं. बायकोवाली गोष्ट कोणी तिखटमीठ लावून वाढवली असेल, पेटंट मात्र पक्कं आहे, आणि तेच तत्त्व आपल्याकडच्या जुन्या शहरी एक्सचेंजांत कितीतरी वर्षं खटखट करत होतं.

आणि मधात माणूस म्हणजे बाईच का बसली, तेही ऐकून घ्या. सुरुवातीला बोस्टनला तारखात्यातली पोरं बसवली होती ऑपरेटर म्हणून, ती गिऱ्हाइकांना उलटं बोलायची, शिव्या द्यायची, मस्करी करायची. मग १८७८ च्या १ सप्टेंबरला एम्मा नट नावाची पहिली बाई आणली, आणि गिऱ्हाइकांना तिचा आवाज, तिचा धीर एवढा पटला की सगळीकडे बायकाच घेऊ लागले. म्हणजे ग्राहकसेवा ही या धंद्यात पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुधारावी लागली होती, आणि ती यंत्र बदलून नाही, माणूस बदलून सुधारली होती.

आपल्याकडे मग १९८४ ला सी-डॉट नावाची सरकारी दूरसंचार संस्था निघाली, त्यांनी खेड्यासाठी १२८ लाईनीचं एक्सचेंज बनवलं, एसी लागत नव्हता त्याला, आपल्या मे महिन्यात एसीशिवाय चालणारं यंत्र म्हणजे काय ते तुम्ही जाणता. गावोगावी पिवळे एसटीडी पीसीओ आले. माझा बोर्ड गेला, मी लाईन फॉल्टवर गेलो, वाईट वाटलं पण तक्रार नाही केली कारण स्ट्रोजरचं म्हणणं मला पटत होतं, यंत्र कोणाची बाजू घेत नाही. एवढंच की त्या दिवसापासून "डॉक्टरले लाव" म्हणणारा माणूस एकटा पडला.

आता माझी तक्रार. ही थोडी लांबेल, आयोजकांनी घड्याळ दाखवू नये.

एक रुपयात पीक विमा निघत होता तेव्हाची गोष्ट आहे. सोयाबीन सवंगून वावरात पसरून ठेवलं होतं, रात्रीतून पाऊस झाला, सकाळी शेंगा भिजून काळ्या पडायला लागलेल्या. तेव्हा नियम असा होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. कंपनीचं नाव घेत नाही, कोणत्याही कंपनीचं घ्या. मी टोल फ्री लावला. आधी वाजंत्री, मग भाषा निवडा, मराठीसाठी अमुक दाबा. आता बटणाच्या फोनवर हे जमत होतं, पण टचस्क्रीन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, कानापासून काढायचा, कीपॅडचं चित्र शोधायचं, तोवर बाई पुढच्या पर्यायावर गेलेली. आमचे शेजारचे काका तर तीनदा हिंदीत गेले आणि तिथून इंग्रजीत. बरं, निवडलं सगळं बरोबर, तर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा", आणि बऱ्याच वेळानं खट्ट, कट. पुन्हा लावा, पुन्हा भाषा, पुन्हा वाजंत्री. कोणी म्हणालं अॅपवर टाका, अॅपला वावरातला फोटो लोकेशनसकट पाहिजे, वावरात रेंज नाही, घरी रेंज आहे तर घरी सोयाबीन नाही!

शेवटी एक पोरगी लागली. गोड बोलली, मी तिला दोष देणार नाही. पण तिच्या यादीत आमच्या गावाच्या नावाची दोन गावं, खुर्द आणि बुद्रुक, गट नंबर जुळेना. मग विचारलं, नुकसान कशानं? मी म्हटलं, पाण्यानं. पीक उभं होतं का? मी म्हटलं, नाही बाई, सवंगून पसरलेलं होतं. आता इथं सगळा मामला आहे, कापून पसरलेल्या पिकाला वेगळं कलम होतं, कापणीनंतर १४ दिवसांपर्यंतचं, काढणीपश्चात नुकसान. तिनं टाकलं उभ्या पिकात. सोयाबीन कापल्यावर वावरात का पसरतात हे तिनं कधी पाहिलंच नसेल तर ती काय करणार, आणि एक कॉल किती मिनिटांत संपवायचा त्याचं टार्गेट तिच्या डोक्यावर, मागे रांग. विमा नामंजूर. आणि माझं तरी नंबर लागून नामंजूर झालं, गावातल्या बऱ्याच जणांचा फोनच लागला नाही, ७२ तास उलटले, कंपनी म्हणते सूचना मिळाली नाही. अरे बाप्पा, सूचना मिळाली नाही कशी, तो माणूस तुझ्या दारात उभा राहून घंटी वाजवत होता!

हे का होतं याचंही गणित आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, त्यानं १९०९ आणि १९१७ ला हिशेब मांडले. तासाला १०० फोन येतात, एकेक सहा मिनिटं चालतो, म्हणजे ६०० मिनिटांचं काम, दहा माणसांना पुरतं असं तुम्ही-आम्ही म्हणू. एर्लांग म्हणतो दहा माणसं ठेवाल तर रांग वाढतच जाईल, कारण फोन ठरल्या अंतरानं येत नाहीत, घोळक्यानं येतात. तेरा-चौदा पाहिजेत. आणि हे साध्या दिवसाचं झालं. एका रात्रीत यवतमाळ, वाशीम, अमरावती तिन्ही जिल्ह्यांवर पाऊस पडला तर सगळ्यांचे ७२ तास एकाच वेळी सुरू होतात. म्हणजे ही गर्दी अचानक नाही, नियमानंच घडवून आणलेली आहे. नियम करणाऱ्यानं लोकांना एकाच दारातून तीन दिवसांत जायला सांगितलं आणि दार केवढं ठेवायचं ते कंपनीवर सोडलं. मोबाईल कंपन्यांना निदान ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे, ग्राहकानं माणसाशी बोलायचं म्हटलं तर ९५ टक्के कॉल ९० सेकंदांत उचलले गेले पाहिजेत. मोबाईलच्या रिचार्जला ९० सेकंदांचा नियम, आणि ज्याचं वर्षाचं पीक गेलं त्याला वाजंत्री, हे बरोबर आहे का?

हो, हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. बरं, आता इंटरनेट, जो विषयच होता.

पटपट सांगतो. आधी कॉल सेंटर शहरातच का होतं? कारण टेलिफोनच्या जाड लाईनी तिथं यायच्या, एका पीआरआय लाईनीवर ३० कॉल, आणि माणूस वायरीच्या टोकाला बसलेला पाहिजे. १९९७ ला जीई कंपनीनं गुडगावला सुरू केलं, मग बंगळूर, पुणे, सगळं शहरात. इंटरनेटनं काय केलं तर आवाजाचे तुकडे करून तो डेटासारखा पाठवला. आता एका कॉलला साधारण १०० केबीपीएस लागतात, म्हणजे यूट्यूबवर कीर्तन पाहता त्याच्यापेक्षा कितीतरी कमी, फक्त लाईन अडखळायला नको. लॅपटॉप, हेडफोन, राऊटरला छोटा इन्व्हर्टर, झालं. आणि सरकारी नियमही मोकळा झालाय, लॉकडाऊनमध्ये सवलत दिली होती, २०२० च्या नोव्हेंबरात कॉल सेंटरची नोंदणीच काढून टाकली, घरून काम करायला बँक गॅरंटी लागत होती ती काढली, कर्मचारी देशात कुठूनही बसून फोन उचलू शकतो. २०२१ च्या जूनमध्ये आणखी सोपं केलं. म्हणजे आपल्या भागाचे फोन दारव्ह्याची, दिग्रसची, राळेगावची पोरगी आपल्या घरी बसून उचलू शकते, जिला खुर्द कोणतं, बुद्रुक कोणतं आणि सोयाबीन पसरतात का, हे विचारावं लागत नाही. कायदा आडवा येत नाही, तंत्र आडवं येत नाही, तरी कंपन्या हे करत नाहीत, त्या चॅटकडे पळून राहिल्या कारण चॅटवर एक माणूस तीन-चार गिऱ्हाइकं एकदम सांभाळतो, फोनवर एकच. आणि बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, तो तर पगारच घेत नाही. ज्याला टाईप करता येतं त्याच्यासाठी ते चांगलं आहे, माझी नात चॅटवरच सगळं करते. पण ज्याला येत नाही त्याला पहिल्याच पायरीवर माणूस पाहिजे, नववा पर्याय म्हणून नाही.

उदाहरणच पाहिजे तर किसान कॉल सेंटर घ्या, २००४ च्या जानेवारीपासून आहे, १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, तिथं शेतीचं शिकलेला माणूस आपल्या भाषेत बोलतो. बोंडअळीचं विचारायला मी स्वतः लावलेला आहे. सरकारला हे जमतं तर प्रीमियम घेणाऱ्याला काहून जमत नाही?

आणि आता मुद्दा, जो सुरुवातीला सांगितला. यंत्र बाजू घेत नाही म्हटलं ना, तसं ते विसरतही नाही. तुम्ही लावलेला प्रत्येक फोन, रांगेत उभा राहून कटला तरी, त्यांच्या सिस्टीममध्ये नोंदलेला असतो, कोणता नंबर, किती वाजता, किती वेळ थांबला. त्यांच्या भाषेत अबॅन्डन्ड कॉल. संध्याकाळी त्याचा रिपोर्ट निघतो आणि मॅनेजर तो पाहतो. मग "सूचना मिळाली नाही" हे म्हणायला जागाच नाही, सूचना तुमच्या कॉम्प्युटरात पडून आहे. त्या नंबरावर आपोआप एक मेसेज आला पाहिजे, तक्रार क्रमांक, तारीख, वेळ, आणि ७२ तासांचा हिशेब तिथंच थांबला पाहिजे. माहिती भरायला त्यांनी नंतर, दोन दिवसांनी, सवडीनं उलट फोन करावा. आमच्या काळी वीतभर कागदाच्या तिकिटावर हे होत होतं, बुक केल्याची वेळ हीच पाळी. आज सगळं आपोआप नोंदलं जातं तरी होत नाही, कारण कोणी मागितलंच नाही. विम्याचंच नाही, लाईन गेली म्हणून १९१२ लावा, बँकेतून पैसे गेले म्हणून १९३० लावा, जिथं जिथं मिनिटाला किंमत आहे तिथं हेच पाहिजे.

तोवर आपण काय करायचं? फोन लागला नाही तर कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसली पाहिजे. लागला तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका, आणि काय नोंदवलं ते वाचून दाखवायला लावा, उभं पीक का कापलेलं, हे तर विचाराच. त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकाला लेखी द्या, पोच घ्या. कंपनी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, मराठीत बोलता येतं.

कृषिमंत्र्यांना आणि विमा नियामकाला पाठवायचा अर्ज मी लिहून आणलाय, दोन पानं आहे, त्यात हीच मागणी आहे, रांगेतला कॉल म्हणजे सूचना, आणि खरिपाच्या काढणीच्या दिवसांत फोन उचलणारे आपल्या जिल्ह्यातले. सह्यांचा कागद दाराशी टेबलावर आहे, ज्यांचा ७२ तासांत फोन लागला नव्हता त्यांनी नंबर आणि तारीखही लिहा, म्हणजे त्यांच्याच रिपोर्टशी जुळवून पाहता येईल. ओलितवाल्यांनी आधी सही करा आणि निघा, साडेआठ होऊन राहिले.