चुन्याची डबी आणि सोळा नंबर

नमस्कार श्रोतेहो. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पिशव्या घेऊन बसलेली माणसं तुम्ही बसमधून पाहिली असतील. तिथले कितीतरी रुग्ण तोंडाच्या कॅन्सरचे असतात. परवा माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. म्हणाले, "डॉक्टर, हा कॅन्सर म्हणे व्हायरसनं होतो?" खिशात चुन्याची डबी, आणि चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव!

होतो, पण कुठे ते ऐका. हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. त्याचे 200हून जास्त प्रकार आहेत. हातावरचे साधे चामखीळही त्याचेच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी त्याचं नातं दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. त्यातला 16 नंबरचा प्रकार घशात शिरला, तर टॉन्सिलच्या खाचांत आणि जिभेच्या मुळाशी दडतो. बहुतेकांचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं. पण क्वचित तो मुक्काम ठोकतो, पेशींची वाढ आवरणारी प्रथिनं निकामी करतो, आणि मग वर्षानुवर्षांनी गाठ धरते.

लागण होते मुख्यतः मुखमैथुनातून. रेडिओवर हा शब्द ऐकून कुणी आवाज बारीक केला असेल, तर परत मोठा करा. आणि जोडीदाराशी भांडू नका. लागण कधीची, हे कुणालाच सांगता येत नाही.

अमेरिकेत टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे बहुतेक कॅन्सर आज या विषाणूमुळे होतात. आपल्याकडे मात्र गाल, हिरडी, जीभ यांचेच जास्त, आणि तिथे गुन्हेगार जुनाच: तंबाखू, गुटखा, मिश्री, सुपारी.

मानेत न दुखणारी गाठ, गिळताना अडणं, एकाच कानात ठणका, असं काही तीन आठवडे टिकलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तुकडा तपासल्यावर विषाणूचा हात आहे का ते कळतं. असेल, तर उपचारांना गाठ सहसा चांगली दाद देते. लसही आहे. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक 2023 साली आली. लागणीआधीच घ्यायची, म्हणून 9 ते 14 हे वय उत्तम.

त्या गृहस्थांना मी म्हटलं, "काका, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू." दोनच गेली. सुपारीनं तोंड असंच आखडत जातं. सुपारी किती वर्षांची, ते मग त्यांनी आपणहून सांगितलं.