टोटेम पोल: आधी चित्र, मग गुंडाळी

नमस्कार मंडळी! सुट्टी लागली की कमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो: "ताई, कागदाचा टोटेम पोल केला, पण डोळे कानामागे गेले. काय चुकलं?" टोटेम पोल म्हणजे प्राण्यांचे, माणसांचे चेहरे एकावर एक कोरलेला उंच लाकडी खांब. आज त्यावरच बोलू.

सामान पटकन सांगते. ए-फोर आकाराच्या दोन कार्डशीट, कात्री, फेविकॉल, पट्टी, रंग. शीट मधोमध कापली की 21 सेंटीमीटर रुंद, साधारण 15 उंच असे तुकडे मिळतात. तीन घ्या.

आता नीट ऐका. कागद सपाट असतानाच चित्र काढायचं. आधी चित्र, मग रंग, रंग वाळला की मगच गुंडाळी. हे बघा, 21 मधले दीड सेंटीमीटर एका कडेला चिकटवायला सोडले. उरले 19.5. मध्यरेषा या 19.5 ची काढायची, 21 ची नाही! नळी झाली की समोरून अर्धाच कागद दिसतो, आणि कडेकडेचं चित्र आक्रसलेलं दिसतं. म्हणून डोळे, नाक, तोंड सगळं मधल्या 8 सेंटीमीटरमध्ये बसवा.

माझ्या भाचीनं गेल्या मे महिन्यात हट्टानं आधी नळी केली. एका हातात नळी, दुसऱ्यात ब्रश. नळी चेपली, रंग बोटांना लागला, पोर रडकुंडीला आली. मी ती नळी कात्रीनं उभी कापून टेबलावर पसरली. एक डोळा मध्यावर, दुसरा पार चिकटवायच्या कडेपाशी! तिचं तिलाच कळलं.

एकांनी लिहिलंय, "खरा खांब गोलच असतो, मग मुलांनी नळीवर का काढू नये?" अहो, खरा खांबसुद्धा आडवा ठेवूनच कोरतात. लाल सीडर नावाच्या झाडाचं अख्खं खोड जमिनीवर आडवं, त्यावर महिनोन्‌महिने काम, आणि उभा करतात तो सगळ्यात शेवटी, गावानं मिळून दोर ओढून. तेव्हा आपणही आधी टेबलावरच काम करू.

हे खांब कॅनडा आणि अलास्काच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हैडा, त्लिंगिट, निस्गा अशा लोकांचे. पिसांचे मोठे टोप घातलेली माणसं त्यांच्याशेजारी काढू नका, मला फार खटकतं ते. ते टोप तिथून कितीतरी लांबच्या, मैदानी प्रदेशातल्या लोकांचे. आणि "हे त्यांचे देव का?" तर नाही, या खांबांची पूजा होत नाही. घराण्याची खूण, पूर्वजांची गोष्ट, गेलेल्या माणसाची आठवण त्यावर असते. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात, कुणाचं कळंब, कुणाचं पंचपल्लव. कुळाची खूण म्हणजे काय ते त्यावरून मुलांना पटकन समजतं. फरक एवढाच, की देवक आपण पुजतो.

निस्गा लोकांचा असाच एक खांब 1929 मध्ये त्यांच्या गावातून नेला गेला आणि स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या संग्रहालयात पोचला. तो 2023 मध्ये घरी परतला. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "मग त्यांना रडू आलं असेल ना?" मला पुढे बोलताच येईना.

म्हणून कुणाच्या घराण्याचा खांब जसाच्या तसा उतरवू नका. मुलांना स्वतःच्या घरातली गोष्ट निवडू द्या: आजीचं मांजर, खिडकीत येणारा कावळा. पद्धत मात्र त्यांच्याकडून शिका. तिथल्या कोरीव कामात डोमकावळ्याची चोच सरळ, गरुडाची खाली वळलेली. बीव्हरला (पाण्याकाठचा, झाडं कुरतडणारा प्राणी) पुढचे दोन मोठे दात आणि शेपटीवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी. रंग काळा, लाल, निळसर हिरवा. आणि खालचा चेहरा कमी मानाचा, असं काही नसतं हं.

तिन्ही नळ्या जोडताना कार्डशीटची 4 सेंटीमीटर रुंद पट्टी गोल करून आतून चिकटवा, निम्मी खालच्या नळीत, निम्मी वरच्या. सांध्यावर रबर बँड लावा. तळाशी वाळूची छोटी पुडी ठेवा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं पडणार नाही. पक्षी काढला असेल तर त्याचे कागदी पंख अगदी शेवटी चिकटवा, मागच्या बाजूनं. रबर बँड रात्रभर तसाच राहू द्या.