देसूरचा काळा दगड आणि पृथ्वीचा लोखंडी गाभा

[दृश्य: देसूर स्टेशनची पाटी, मागे शेतं]

बेळगावहून रेल्वेने खानापूरकडे निघालं की वाटेत देसूर लागतं. गाव लहान, पण भूगर्भशास्त्रात त्याचं नाव कोरलं गेलंय. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. त्यांतल्या अगदी वरच्या एका थरगटाचं नावच 'देसूर'. खाली महाबळेश्वर, त्यावर पन्हाळा, त्यावर देसूर. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागेल, दगडांची रांग कधीच लागून गेलीय!

[दृश्य: ओढा, हातात चुंबक]

पाऊस उघडला की ओढ्याच्या वळणावर काळी बारीक रेती साठते. जुन्या स्पीकरमधलं चुंबक कागदात गुंडाळून तिच्यातून फिरवा. कागदावर काळी लव उभी राहते. हे मॅग्नेटाइट, काळ्या दगडातून झिजून सुटलेलं लोहखनिज.

लाव्हा वाहत होता तेव्हा हजार अंशांच्या वर तापलेला होता. निवत निवत तो 580 अंशांच्या खाली उतरला, तसे त्यातले हे कण पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबकित झाले, आणि ती दिशा दगडात कायमची राहिली. 1950च्या दशकात दख्खनच्या दगडांत ती मोजली गेली, आणि ही दिशा अक्षांशानुसार बदलत असल्याने कळलं की लाव्हा थिजताना भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता.

पृथ्वीचं हे चुंबकीय क्षेत्र तयार होतं तिच्या गाभ्यात. लाव्हाही गाभ्यातूनच येतो असं पुष्कळांना वाटतं, पण तो येतो प्रावरणाच्या, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या खडकाळ थराच्या, वरच्या भागातून; म्हणजे तो खडकाचाच रस. लोखंडाचा गाभा सुरू होतो थेट 2,900 किलोमीटर खाली. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोलाचं, 12,262 मीटर. बेळगाव-खानापूर अंतराच्या निम्मंही नाही!

मग गाभा कळला कसा? भूकंपाच्या लाटांवरून. भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1906 साली दाखवलं की खोल पोटातून जाणाऱ्या लाटा मंदावतात, म्हणजे आत वेगळंच काही आहे. पुढे तो गाभा द्रव असल्याचं ठरलं. 1936 साली डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या द्रवाच्याही आत आणखी एक गोळा ओळखला. तो घन आहे, त्रिज्या सुमारे 1,220 किलोमीटर.

[दृश्य: ॲनिमेशन, द्रव लोखंडाचे प्रवाह]

सगळी गंमत या गोळ्यात आहे. तो हळूहळू गोठत वाढतोय. गोठताना लोखंडात मिसळलेली हलकी द्रव्यं बाहेर पडतात, वर चढतात, आणि भोवतालचं द्रव लोखंड ढवळत राहतं. वाहत्या लोखंडात वीज खेळते, विजेमुळे चुंबकीय क्षेत्र टिकतं.

नुसतं वितळलेलं असून भागत नाही, हे मंगळाने दाखवलं. इनसाइट यान 2018 मध्ये तिथं उतरलं, भूकंपमापक जमिनीवर ठेवला. 2021 मध्ये निष्कर्ष आला: गाभा द्रव आहे. तरी मंगळाला आज ग्रहभर चुंबकीय क्षेत्र नाही, कारण आत पुरेसं ढवळणंच नाही. त्याच्या दक्षिणेकडच्या जुन्या खडकांत मात्र चुंबकत्व अजून सापडतं, म्हणजे कधीकाळी तिथंही हा कारभार चालू होता.

आणि बुध? मंगळाहून लहान, पण त्रिज्येचा चार-पंचमांशाहून जास्त भाग नुसता गाभा. त्याचं क्षेत्र पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का, पण आजही चालू आहे.