२००८ चा उन्हाळा : ‘द डार्क नाइट’, ‘वॉल-ई’ आणि न मिटलेला वाद

२००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तीन आठवड्यांच्या अंतराने दोन चित्रपट लागले. २७ जूनला पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा ‘वॉल-ई’ आला आणि १८ जुलैला ख्रिस्तोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट’. पहिला, कचऱ्याखाली गाडल्या गेलेल्या पृथ्वीवर एकट्याच उरलेल्या यंत्रमानवाची कथा सांगणारा आणि मुलाबाळांसह पाहता येणारा ॲनिमेशनपट होता. दुसरा बॅटमॅन आणि जोकर यांच्या झुंजीचा, अंधारा आणि अस्वस्थ करणारा. निर्मितीचा खर्च मात्र दोन्हींचा जवळपास सारखाच, प्रत्येकी सुमारे १८ कोटी डॉलर होता. यांतला श्रेष्ठ कोणता, या प्रश्नावर प्रेक्षकांनी इतक्या हिरिरीने वाद घातला की हंगाम सरला तरी तो शमला नाही.

अमेरिकेत उन्हाळा मोठ्या चित्रपटांच्या नावे लागला तो १९७५ पासून. त्या वर्षी जूनमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या जोरावर एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत झळकला, आणि शाळांच्या सुट्टीत भरपूर गल्ला जमतो हे निर्मात्यांना उमगले. ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ आणि ‘मोठ्यांसाठी’ या दोहोंमधली रेषाही उन्हाळ्यातच आखली गेली. १९८४ मध्ये स्पीलबर्ग यांच्या एका साहसपटातील आणि त्यांनीच निर्मिलेल्या एका भयविनोदी चित्रपटातील हिंसक दृश्यांवर पालकांनी नाराजी व्यक्त केली, तेव्हा तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारी पीजी-१३ ही नवी श्रेणी त्याच जुलैपासून लागू झाली. ‘द डार्क नाइट’ला हीच श्रेणी मिळाली होती, तर ‘वॉल-ई’ला सर्वांना खुली असलेली ‘जी’ ही श्रेणी. वादाचे दोन तट पडले त्यामागे ही विभागणीही होती.

‘द डार्क नाइट’च्या चाहत्यांचे म्हणणे आधी पाहू, कारण त्यांची बाजू भक्कम होती. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर, दोन्ही बाजूंना बँकांच्या उंच इमारती असताना, अठरा चाकांचा एक खराखुरा मालट्रक मागच्या बाजूने उचलला जाऊन पुढच्या टोकावरून पूर्ण उलटा होतो. हे दृश्य संगणकावर तयार केलेले नाही; ट्रेलरखाली बसवलेल्या यंत्रणेच्या धक्क्याने तो ट्रक त्या रस्त्यावर प्रत्यक्ष उलटवला गेला. शिवाय यातले काही प्रसंग नोलन यांनी आयमॅक्स या भव्य पडद्यासाठीच्या मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांवर चित्रित केले, आणि एवढ्या मोठ्या कथाचित्रपटासाठी असे प्रथमच घडत होते. जोकर साकारणारे हीथ लेजर यांचे त्याच वर्षी २२ जानेवारीला, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी निधन झाले होते, त्यामुळे प्रत्येक प्रेक्षक त्यांचे काम एका वेगळ्या भारावलेपणाने पाहत होता.

परंतु चाहते केवळ भव्यतेवर बोलत नव्हते. दोन बोटींचा प्रसंग त्यांच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येई. एका बोटीवर सामान्य नागरिक, दुसरीवर कैदी, आणि दोघांच्या हाती समोरची बोट उडवून देण्याची कळ. नागरिक मतदान घेतात, समोरची बोट उडवण्याच्या बाजूने कौल मिळतो, आणि तरीही कळ दाबायला एकाचाही हात धजत नाही. तिकिटाला पैसे मोजून आलेल्या सुट्टीतल्या गर्दीला अशा पेचात टाकणारा चित्रपट निव्वळ करमणूक कसा म्हणायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलर कमावून चित्रपटाने तेव्हाचा विक्रम मोडला आणि एकट्या उत्तर अमेरिकेतली त्याची कमाई ५३ कोटींवर गेली. ‘वॉल-ई’ तिथेच सुमारे २२ कोटींवर थांबला.

आता ‘वॉल-ई’. पडद्यावरचा हा गंजलेला यंत्रमानव दिवसभर कचरा दाबून त्याचे चौकोनी ठोकळे रचतो आणि त्यातून मन मोहवणाऱ्या वस्तू घरी नेतो. एका संध्याकाळी त्याच्या हाती अर्धा चमचा आणि अर्धा काटा असलेली प्लॅस्टिकची वस्तू लागते. त्याच्याकडे चमच्यांचा एक पेला आहे आणि काट्यांचा दुसरा. तो ती वस्तू एकदा या पेल्याकडे नेतो, एकदा त्या पेल्याकडे, आणि शेवटी दोहोंच्या मधोमध ठेवून देतो. एकही शब्द न उच्चारता काही सेकंदांत आपल्याला त्याची शिस्त कळते, कुतूहल कळते आणि त्याचा एकटेपणाही कळतो.

या सहजतेमागे केवढी मेहनत आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांना वॉल-ईच्या डोळ्यांची कल्पना बेसबॉलच्या सामन्यात, हातातली दुर्बीण उलटसुलट करून पाहताना सुचली. चेहऱ्याविना भाव दाखवायचे कसे, हे शिकण्यासाठी त्यांचे सहकारी कित्येक महिने जेवणाच्या सुट्टीत चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे मूकपट पाहत होते. ‘स्टार वॉर्स’चे ध्वनी घडवणाऱ्या बेन बर्ट यांनी वॉल-ईच्या चालीचा आवाज हाताने फिरवायच्या जुन्या जनित्रातून मिळवला. प्रकाश आणि भिंगे यांबाबत छायालेखक रॉजर डीकिन्स यांचा सल्ला घेण्यात आला. खऱ्या भिंगांतून दिसणारा धूसरपणा आणि त्यांच्या उणिवा संगणकीय कॅमेऱ्यात मुद्दाम उतरवल्या गेल्या. त्या उन्हाळ्यातले सर्वांत धाडसी चित्रपटकाम आमच्या मते ‘वॉल-ई’च्या पूर्वार्धात आहे. जवळजवळ संवादांविना चालणाऱ्या भागावर एवढा पैसा लावणे आणि तो चार वर्षांच्या मुलासमोर व त्याच्या आजोबांसमोर एकाच वेळी ठेवणे, हे ट्रक उलटवण्यापेक्षा सोपे नव्हते.

आक्षेपही होते आणि ते टाळून चालणार नाही. कथा अवकाशयानावर पोहोचली की ‘वॉल-ई’ ओळखीच्या पाठलागांकडे वळतो आणि पूर्वार्धातली एकाग्रता सुटते. अतिरेकी खरेदीच्या हव्यासावर बोट ठेवणाऱ्या चित्रपटाची खेळणी दुकानांत भरभरून विकली गेली, ही विसंगती अनेकांना खटकली. ‘द डार्क नाइट’चा शेवट एकाच वेळी फार घटना रेटतो, हेही तितकेच खरे. ‘पण ते तर मुलांचे आहे’ हा जो आक्षेप वारंवार घेतला गेला, तो मात्र आम्ही मान्य करत नाही. कुटुंबासाठीच्या चित्रपटाला रक्तपाताचा आणि शिवराळ संवादांचा आधार घेता येत नाही; सारे काही रचनेतून, हालचालीतून आणि आवाजातून उभे करावे लागते. या मर्यादेत राहून केलेले काम गुणांमध्ये कमी कसे धरायचे?

डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघटनेने वर्षातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘वॉल-ई’ निवडला आणि दुसरे स्थान ‘द डार्क नाइट’ला दिले. २२ जानेवारी २००९ रोजी ऑस्करची नामांकने जाहीर झाली, तेव्हा पहिल्याला सहा आणि दुसऱ्याला आठ नामांकने मिळाली, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच नावांत दोन्ही नव्हते. उन्हाळाभर एकमेकांशी भांडणारे दोन्ही तट आता एकाच सुरात नाराजी व्यक्त करू लागले. तो पुरस्कार पुढे मुंबईत घडणाऱ्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ने पटकावला, म्हणून आपल्याकडे तो सोहळा वेगळ्याच आनंदासाठी लक्षात राहिला. लेजर यांना मरणोत्तर सहायक अभिनेत्याचा, तर ‘वॉल-ई’ला ॲनिमेशनपटाचा पुरस्कार मिळाला.

जून २००९ मध्ये ऑस्कर अकादमीने सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांची संख्या पाचवरून दहा केली. या निर्णयाचा संबंध अनेकांनी आदल्या वर्षीच्या नाराजीशी जोडला. पुढच्याच वर्षी पिक्सारचा ‘अप’ आणि त्यानंतर ‘टॉय स्टोरी ३’ त्या यादीत आले. त्याआधी हा मान १९९१ च्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या एकाच ॲनिमेशनपटाला मिळाला होता.

२००१ च्या चित्रपटांपासून ॲनिमेशनपटांसाठी ऑस्करचा स्वतंत्र विभाग आहे. त्याने छोट्या देशांतल्या आणि छोट्या स्टुडिओंच्या कामाला व्यासपीठ दिले, याबद्दल कृतज्ञ राहायलाच हवे. पण तिथे एक मत दिले की ॲनिमेशनला न्याय दिल्याचे समाधान मतदाराला मिळते आणि मोठ्या यादीत त्याचा विचारच होत नाही, असे आम्हांला वाटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीने २०२० मध्ये ‘द डार्क नाइट’ आणि २०२१ मध्ये ‘वॉल-ई’ जतनासाठी निवडला. तिथे दोघांना एकच यादी पुरली. २०२४ मध्ये जगभर सर्वाधिक कमाई करणारा चित्रपट ‘इनसाइड आउट २’ हा सहकुटुंब पाहण्याजोगा ॲनिमेशनपटच होता. तरीही २०११ पासून २०२४ पर्यंतच्या एकाही वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनांत ॲनिमेशनपटाचे नाव आलेले नाही.