बिल अडकत नाही, कुणीतरी अडकवतं

(दादर येथे व्यवस्थापनाचे विद्यार्थी आणि लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

आज रविवार आहे, म्हणून तुम्ही इथं येऊ शकलात. तेव्हा सुरुवात रविवारापासूनच करतो. या सभागृहापासून चालत जाता येईल अशा अंतरावर परळ-लालबागच्या गिरण्या होत्या. तिथल्या कामगाराला एकेकाळी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच काळात मुंबईतल्या धनिकांनी दवाखाने बांधले, शाळा काढल्या, धर्मशाळा उभारल्या. त्यांची नावं आजही दगडात कोरलेली दिसतात आणि मला त्या दानाबद्दल मनापासून आदर आहे. पण दान द्यायचं की नाही, हे देणाऱ्याच्या हातात होतं. सुट्टी मात्र कामगाराच्या अंगाची गरज होती, आणि ती मिळवायला सहा वर्षं लागली.

मला आज बोलायचं आहे ते या दोहोंतल्या फरकाबद्दल.

‘सामाजिक जबाबदारी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सीएसआर येतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. आदल्या आर्थिक वर्षात कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. त्यातून चांगली कामं झाली आहेत, मी स्वतः पाहिली आहेत. पण त्या नियमांत एक बारीक गोष्ट आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. कंपनीच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग असलेला खर्च सीएसआर म्हणून धरला जात नाही. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या भल्यासाठी केलेला खर्चही धरत नाहीत. म्हणजे पगार वेळेवर दिला, माल घेतला त्याचे पैसे वेळेवर चुकते केले, हे कायद्यानंच परोपकारातून बाहेर ठेवलं आहे. ते देणं आहे. आणि माझा चाळीस वर्षांचा अनुभव असा की कंपनीची नीतिमत्ता या देण्यातच कळते.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही. सही माझी होती, तेव्हा गोष्ट माझीच आहे.

साकीनाक्याला एका गल्लीत एक गाळा होता. तीन लेथ, म्हणजे धातू कातायची यंत्रं, आणि चार माणसं. मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणायचो. ते आमच्यासाठी पितळी बुश, म्हणजे यंत्रातल्या दांड्याभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, करून द्यायचे. ११ जानेवारी २०१९ ला त्यांचा माल आला. त्याच दिवशी क्यूसी, म्हणजे मालाची तपासणी झाली, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद निघाली, एकही नग परत गेला नाही. बिल ४,२०,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७५,६०० रुपये.

लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आमचे ४५ दिवस २५ फेब्रुवारीला संपले. तेव्हा वरून निरोप आला होता, ‘मार्चअखेर कॅश चांगली दिसली पाहिजे, लहान बिलं एप्रिलमध्ये काढा.’ मी ती मार्चमध्ये काढली नाहीत.

काका दर मंगळवारी यायचे. सिक्युरिटीच्या केबिनशेजारच्या बाकावर बसायचे, मांडीवर प्लास्टिकची फाईल. वर बोलावलं की म्हणायचे, “साहेब, बघा जरा.” एवढंच. आवाज कधी चढला नाही. मी म्हणायचो, “काका, बिल अडकलंय. सिस्टीममधून रिलीज झालं की लगेच कळवतो.” मग चहा यायचा, तो ते अर्धा ठेवून जायचे.

एका मंगळवारी त्यांनी फाईलमधून जीएसटी भरल्याची पावती काढून माझ्यासमोर ठेवली. २० फेब्रुवारी. आमच्याकडून एक रुपया आला नव्हता, तरी बिलावरचे ७५,६०० रुपये त्यांनी बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून, म्हणजे व्याजाच्या पैशातून, सरकारला भरले होते. आणि आमच्या अकाउंट्सनं? त्याच बिलावरच्या कराची वजावट आमच्या रिटर्नमध्ये घेऊनही टाकली होती. ते नियमात बसतं, १८० दिवसांच्या आत पैसे दिले की झालं. म्हणजे व्याज त्यांच्या डोक्यावर आणि सवलत आमच्या खात्यात. मी ती पावती बघत राहिलो. काका म्हणाले, “एका पोराला सोडलं साहेब. चांगला हात होता त्याचा.”

पैसे ९ एप्रिलला गेले. ८८ दिवस. व्याज आम्ही दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही. थकलेल्या बिलांची तक्रार करायला लघुउद्योगांसाठी सरकारी परिषद होती, ऑनलाइन पोर्टल होतं. पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. त्या भीतीच्या भरवशावर मी ८८ दिवस काढले. याची मला आजही लाज वाटते.

मी वाईट माणूस होतो का? घरी मी कुणाचे पाच रुपये बुडवले नसते. मग ऑफिसात हे कसं जमलं? बरीच वर्षं विचार केल्यावर माझं उत्तर असं आहे, की आमच्या वाक्यांना कर्ता नव्हता. ‘बिल अडकलंय.’ ‘पेमेंट होल्डवर आहे.’ ‘वरून आलंय.’ ‘रक्कम पुढील महिन्यात अदा करण्यात येईल.’ शाळेत आपण व्याकरणातले कर्तरी, कर्मणी प्रयोग शिकतो आणि विसरतो, पण कचेरीची सगळी भाषा तिथंच उभी आहे. कर्तरीत बोललं तर माणूस दिसतो, म्हणून आपण ‘करण्यात येते’ म्हणतो. बिल आपोआप अडकत नाही. कुणीतरी ते अडकवतं, आणि त्या माणसाला टेबल असतं, खुर्ची असते, सही असते.

कंत्राटी कामगारांचंही हेच. हाउसकीपिंगचं टेंडर निघतं, सगळ्यात कमी दराचा एल-वन ठरतो. हिशेब करून बघा. समजा १०० रुपये किमान वेतन, त्यावर मालकाचा १२ रुपये भविष्य निर्वाह निधी, ३.२५ ईएसआय, म्हणजे कर्मचारी विमा, ८.३३ बोनस. झाले जवळजवळ १२४. यात साबण नाही, युनिफॉर्म नाही, ठेकेदाराचा नफा नाही. आणि कुणी ११० चा दर भरला, तर ते १४ रुपये कुणाच्या पगारातून येणार हे सही करणाऱ्याला त्या क्षणी माहीत असतं. ठेकेदारानं पगार थकवला तर मूळ मालकानं तो द्यायचा, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानंच टाकली होती. तरी आपण म्हणतो, ‘तो ठेकेदाराचा विषय आहे.’ रोज सकाळी आपलं टेबल पुसणाऱ्या बाईंबद्दल आपण हे म्हणतो.

कुणी म्हणेल, मार्चअखेरची कॅश आठ दिवस फुगवून दाखवली तर काय बिघडलं? हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण आठवा. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की खरा नफा आणि वहीतला नफा यांतला फरक सुरुवातीला किरकोळ होता. त्याच पत्रात अस्तित्वातच नसलेली रोख आणि बँकशिल्लक ५,०४० कोटींची होती. आमचा ताळेबंद खोटा नव्हता, पण सवय त्याच रस्त्यावरची होती.

कायदा पुढे आणखी कडक झाला. प्राप्तिकर कायद्यात ४३ बी (एच) आलं. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा करता येत नाही. मला वाटलं, आता काकांसारख्यांचे दिवस बदलतील. काहींचे बदललेही. पण २०२४ च्या सुरुवातीला बातम्या आल्या, की काही खरेदीदार पुरवठादारांना सांगताहेत, उद्यम नोंदणीच, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणीच, रद्द करून या, म्हणजे हा नियम आम्हाला लागणार नाही. पळवाट शोधायला जेवढी हुशारी लागली, तेवढ्यात बिलं चुकती झाली असती. इथं बसलेल्या विद्यार्थ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, ही हुशारी शिकू नका.

आता पुन्हा काकांकडे येतो. त्या ८८ दिवसांनंतरच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा तोच निरोप आला. पाच लहान बिलं होती. मी फाईलवर नोटिंग, म्हणजे टिपण लिहिलं, “या पाच पुरवठादारांचे पैसे मी मुदत संपल्यानंतरही रोखत आहे. कारण, वर्षअखेर शिल्लक जास्त दिसावी.” आणि खाली पाचही गाळ्यांची नावं, प्रत्येकाचे उलटलेले दिवस. माझ्या वरच्या साहेबांनी कागद वाचला. म्हणाले, “हे असं काय लिहिलंयस? ‘रोखण्यात येत आहे’ कर.” मी म्हटलं, “साहेब, रोखतोय मीच. तुम्ही सांगताय म्हणून रोखतोय, तेही लिहू का?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

संध्याकाळी पाचपैकी तीन बिलं सुटली. दोन एप्रिलमध्येच गेली. काकांचं त्या तिनांत होतं. त्यांना फोन केला तेव्हा मागे लेथचा आवाज येत होता, दोनच चालू असाव्यात. “बरं झालं साहेब,” ते म्हणाले, आणि विचारलं, पुढच्या लॉटचं पितळ आत्ताच उचलू का.