निखाऱ्यावरची भाकर

माहितीपटाचं निवेदन

दृश्य : पहाट, मिरज जंक्शन

पहाटेचे पावणेसहा. मिरज जंक्शनवर गाडी लागलीय. कर्नाटकातून आलेली माणसं एका हातात बोचकं आणि दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन बाहेर पडताहेत. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उघडलं. तेव्हापासून दुखणं घेऊन लोक मिरजेला येतात, आणि कुणीतरी त्यांच्यासाठी रात्रभर जागं असतं.

दृश्य : रुग्णालयाचं पार्किंग

गावातल्या एका रुग्णालयाच्या पार्किंगचा हा कोपरा. नाईट संपली, पुढच्या पाळीला कामाची ओव्हर दिली, की इथल्या नर्स, आमच्या सिस्टर, इथं यायच्या. स्कूटीवर बसायच्या, चावी लावायच्या, पण गाडी सुरू करायच्या नाहीत. वीस-वीस मिनिटं तशाच. हेल्मेट डोक्यात, काच खाली ओढलेली.

"तोंड कुणाला दिसू नये म्हणून," त्या सांगतात. "रडत नव्हते हो. रडायलासुद्धा अंगात काही उरलेलं नसायचं."

सिस्टरांची आई नर्स होती. त्यांच्या घरात सेवा हा शब्द रोजच्या मीठभाकरीसारखा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. जिचं घर पाण्यात, ती कामावर येणार कशी? तिची ड्युटी सिस्टरांनी ओढली. पुढच्या मार्चमध्ये इस्लामपुरात करोनाचे रुग्ण सापडले, आणि मग दिवस-रात्र एकच झालं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. प्रत्येक वेळी डबल ड्युटी, आणि प्रत्येक वेळी "एवढं निभावू दे प्रभू" ही एकच प्रार्थना.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. कामाच्या न आवरलेल्या, सततच्या ताणातून येणारी ही अवस्था. तिच्या खुणा तीन : शक्ती संपून जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरी खूण सिस्टरांना फार बोचली. पेशंटला आजी, मामा, दादा म्हणणारी ही बाई खाटेच्या नंबरानं हाका मारू लागली होती.

दृश्य : देऊळ, म्हणजे आमचं चर्च, रविवारची उपासना

आता जे सांगायचंय ते सांगताना आम्हाला जड जातं, कारण हा माहितीपट करणारे आम्ही सगळे याच चर्चच्या मंडळीतले.

सिस्टर गायनसंघात होत्या. शब्बाथ शाळेतली, म्हणजे रविवारच्या बायबल-वर्गातली, लहान मुलं त्यांच्याकडे. महिला मंडळाचा हिशेब त्यांच्याकडे. नाताळच्या नाटकातल्या देवदूतांचे पंख कोण शिवणार? सिस्टर. त्या नाही म्हणत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं. ते ठाऊक असूनही आम्ही मागत राहिलो.

एका रविवारी गीत सुरू झालं आणि त्यांचा आवाजच फुटेना. त्या खाली बसल्या. उपासनेनंतर आमच्यातलंच कुणीतरी म्हणालं, "प्रार्थना कमी पडतेय तुमची."

पुढचे तीन रविवार सिस्टर देवळात आल्या नाहीत.

दृश्य : मावशींचं स्वयंपाकघर, चूल

या मावशी. महिला मंडळातल्या सगळ्यात वयस्क. तिसऱ्या रविवारी फडक्यात भाकरी बांधून त्या सिस्टरांच्या दारात गेल्या. शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं नाही, प्रार्थनेला बसवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "खा अन् झोप बघू. बोलायचं ते बोलू मागनं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मावशींची भाकरी करायची रीत बघा. परातीत ज्वारीचं पीठ, मधे आळं, त्यात कढत पाणी. हाताला चटका बसतो, पण पिठाला चिकटपणा त्यानंच येतो. मग तळव्याच्या टाचेनं रगडून रगडून मळायचं. कोरडं पीठ भुरभुरवून गोळा थापायचा. परातीवर हाताचा ठेका ऐका. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायचं. आणि शेवटी चुलीतले निखारे पुढे ओढून भाकरी त्यांच्याकडे तोंड करून उभी करायची. आता थांबायचं. बघा, फुगली.

हे सगळं मावशींना कुठून सुचलं? त्यांना विचारलं तर त्या चुलीतलं लाकूड मागे ओढतात आणि म्हणतात, "एलीयाला काय दिलं हुतं देवानं?"

बायबलमधल्या पहिल्या राजे ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय. त्याच्या आधीच्या अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या साडेचारशे संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया. स्वर्गातून अग्नी उतरला, दुष्काळ संपून पाऊस आला. आणि लगेच पुढच्या पानावर ईजबेल राणीच्या धमकीनं तोच एलीया पळत सुटतो. बैरशेब्याला चाकराला मागे ठेवतो, रानात एक दिवसाची वाट चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे.

देवानं त्याला रागावलं का? विश्वास कमी पडला असं म्हटलं का? एलीयाला झोप लागते. देवदूत त्याला हलवून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. आमच्या मराठी शास्त्रात शब्दच भाकर आहे. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेब डोंगर गाठतो. देवाची ती मंद वाणी त्याला ऐकू येते ती तिथं. आधी दोनदा झोप आणि दोनदा जेवण.

आम्ही हा अध्याय लहानपणापासून ऐकलाय. अग्नीवर किती उपदेश ऐकले. भाकरीवर एकही आठवत नाही.

दृश्य : सिस्टर, खिडकीजवळ, मांडीवर शास्त्र

सिस्टर आधी झोपल्या. मग डॉक्टरांकडे गेल्या, रक्त तपासलं, समुपदेशन घेतलं. देवदूत भाकर घेऊन येतो तसा गोळी घेऊनही येतो, असं त्या म्हणतात, आणि आम्हाला ते मनापासून पटतं.

शास्त्र त्यांनी पुन्हा उघडलं ते एका ओळीपासून. मत्तय, अकरावा अध्याय, अठ्ठाविसावं वचन. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन."

"शंभर वेळा पेशंटच्या उशाशी वाचलं असेल हे," सिस्टर म्हणतात. "पण कष्टी म्हणजे तो खाटेवरचा, असंच वाटायचं. आपणसुद्धा त्यात आहोत हे ध्यानातच आलं नव्हतं."

दिवसाला एकच वचन. जास्त नाही. वाचायचं, डोळे मिटायचे, श्वास सोडायचा. शब्द सुचले नाहीत तर तसंच बसायचं. प्रभूसमोर काही करून दाखवायचं नाही, हे शिकायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला.

दृश्य : देवळाच्या पडवीत शब्बाथ शाळा, चार तरुण मुलं शिकवताहेत

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, एका रविवारी बायबलमधल्या निर्गमातला अठरावा अध्याय घेतला. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे सोडवत बसतो. त्याचे सासरे इथ्रो येऊन बघतात आणि स्पष्ट सांगतात की अशानं तू झिजून जाशील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. ओझं वाटून घे. उपदेश संपल्यावर पाळकसाहेबांनी वही काढली आणि सिस्टरांची कामं एकेक करून वाचली. एकेका कामाला हात वर होत गेले. पंख शिवायचं काम आमच्यातल्या एका मुलानं घेतलंय. ही त्याची शिवण. वाकडी आहे, पण पंख आहेत.

सिस्टरांनी दोन महिने बिनपगारी रजा घेतली, घराचे हप्ते थकले, आणि वॉर्डात नर्सा अजून कमीच आहेत.

दृश्य : वॉर्डाबाहेरचा व्हरांडा

त्या कामावर परतल्या. व्हरांड्यातल्या या आजींना त्या काय म्हणतात ते ऐका.

दृश्य : रविवार, दुपारचे दोन, गल्ली

उपासनेहून आल्यावर सिस्टर जेवतात आणि झोपतात. खिडकीला पडदा, फोन कपाटात. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळायला दुसऱ्या टोकाला गेलीत. चार वाजेपर्यंत या दाराची कडी कुणी वाजवायची नाही, असं मावशींनी सगळ्यांना बजावून ठेवलंय. त्या स्वतः समोरच्या पायरीवर बसल्यात, सुपात ज्वारी निवडत.