खाजनातले भात आणि जीनोमचा अभ्यास

मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी बांध घालून, मानशीच्या दारांनी भरतीचे पाणी आवरून पिकवलेली खाजन शेती गोव्यात शतकानुशतके चालत आली आहे. या खाऱ्या जमिनीत कोरगुट भात तग धरते. ते कसे, हा प्रश्न येथील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला बायोइन्फॉर्मेटिक्सकडे, म्हणजे जैविक माहितीच्या संगणकीय अभ्यासाकडे, नेण्यास पुरेसा आहे. किंबहुना संगणकाच्या आज्ञा पाठ करून घेण्याआधी असा प्रश्न त्याच्या हाती द्यायला हवा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

भाताचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, ए, टी, जी, सी या चार घटकांच्या सुमारे ३९ कोटी अक्षरांचा असून तो १२ गुणसूत्रांत विभागलेला आहे. त्याचा क्रम २००५ साली प्रसिद्ध झाला आणि त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ११व्या गुणसूत्राच्या कामात भारतीय शास्त्रज्ञ सहभागी होते. त्याच वर्षी नोना बोक्रा या क्षारसहनशील वाणात पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक ओळखले गेले. त्याचे प्रथिन मुळांकडून वर चढणाऱ्या रसातील सोडियम काढून घेते, त्यामुळे पानांपर्यंत मीठ कमी पोहोचते. या जनुकाचा क्रम सार्वजनिक साठ्यातून कोणालाही विनामूल्य घेता येतो.

तो क्रम ब्लास्ट या १९९० पासून वापरात असलेल्या, क्रमांची तुलना करणाऱ्या संगणकीय साधनाला दिला, की थोड्याच वेळात जुळणाऱ्या क्रमांची यादी समोर येते. शिक्षकाचे खरे काम येथून सुरू होते, कारण यादी मिळाली म्हणजे उत्तर मिळाले, असा समज विद्यार्थ्यांमध्ये फार लवकर रुजतो. म्हणून आधी कागदावर हिशेब करून घ्यावा. चार अक्षरांपासून १२ अक्षरांचे सुमारे १ कोटी ६८ लाख वेगवेगळे तुकडे बनतात. म्हणजे असा कोणताही एक तुकडा ३९ कोटी अक्षरांत केवळ योगायोगाने वीसहून अधिक वेळा आढळू शकतो. दहावीनंतर गणित सोडलेल्या विद्यार्थ्यालाही हा हिशेब जमतो, आणि तो जमला की ब्लास्टच्या यादीतील ई-व्हॅल्यू हा आकडा म्हणजे योगायोगाने अपेक्षित असलेल्या जुळण्यांची संख्या, आणि साठा मोठा झाला की तीही वाढते, हे वेगळे समजावावे लागत नाही.

या कामासाठी लागणाऱ्या लिनक्स या संगणक प्रणालीच्या आज्ञा सरावाने येतात; त्यांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

कोरगुटच्या क्रमात एखादे अक्षर वेगळे दिसले, तर ते डीएनएचा क्रम वाचणाऱ्या यंत्राने चुकीचे वाचले नाही ना, हे प्रथम पाहावे. यंत्र प्रत्येक अक्षरासोबत विश्वासार्हतेचा अंक देते: २० म्हणजे शंभरात एक चूक संभवते, ३० म्हणजे हजारात एक. त्यातून टिकलेला फरकसुद्धा केवळ शक्यताच सुचवतो. रोपे खाऱ्या पाण्यात वाढवून पानांतील सोडियम मोजल्याशिवाय त्या फरकाचे कार्य सिद्ध होत नाही, म्हणून वेळापत्रकात संगणक कक्षाचे तास वनस्पती प्रयोगशाळेच्या तासांना जोडूनच ठेवले पाहिजेत.